हीटिंगच्या रकान्यात शून्य

जुनं घर घेण्यापूर्वी त्याच्या हीटिंगची कसून तपासणी करणं हे सुज्ञ खरेदीदाराचं कर्तव्य आहे, असं प्रबोधचं ठाम मत होतं. घर तोआ पायोहमध्ये, म्हणजे विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर होतं, ही बाब त्याच्या लेखी किरकोळ होती.

याला कारण रवींद्रदादा. थोरला भाऊ, मुक्काम टोरंटो. दादाने तिकडे जुनं घर घेतलं, पहिल्याच हिवाळ्यात त्यातल्या घर तापवणाऱ्या हीट पंपाने मान टाकली आणि सगळं कुटुंब ओव्हरकोट घालून वरणभात जेवलं. त्या दुःखातून दादाने घर पारखायचा एक तक्ता जन्माला घातला. सर्वाधिक गुण हीट पंपाला. तिथे शून्य, तर घर बाद. 'लागू नाही' हा पर्यायच नव्हता, कारण तसं म्हणणारा माणूस कामचुकार असतो. आणि प्रबोधच्या घराण्यात थोरल्याचा रकाना पुसणं म्हणजे तोंडावर वाटणी मागण्यासारखं होतं.

वल्लरीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, जीव मात्र या फ्लॅटमध्ये अडकला होता. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाला तरी भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही मालकाची परवानगी काढून तिला वीट आला होता. त्यात संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं.

"सर, ऑफर आत्ताच द्या," एजंट नरेश म्हणाला.

"देतो. हीटिंग कुठाय?"

वास्तुदोषापासून भुतापर्यंत सगळे प्रश्न पचवलेला नरेश क्षणभर अडखळला. "गीझर आहे ना, सर."

"त्याचा रकाना वेगळा. घर कशाने तापतं?"

मालकीण टॅन आंटी मदतीला धावल्या. "हीटिंग? सन लाह! फ्री!"

प्रबोधने गंभीरपणे नोंदवलं: ऊर्जास्रोत, सूर्य. बंद करण्याची सोय, नाही. बंद न होणारी हीटिंग धोक्याची, सबब गुण शून्य.

त्याने दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादा म्हणाला, "अरे, भिंतीवर एसी दिसतोय की! एसी हा हीट पंपच. उष्णता कुठे टाकतो?"

"बाहेर."

"म्हणजे तुझ्या विजेवर शेजारी तापणार? उलटा बसवून घे!"

प्रबोध वळला. "नरेश, एसी उलटा बसवायला परवानगी कुणाची लागते?"

नरेशने आंटींकडे पाणी मागितलं.

वल्लरीने घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तक्त्यात प्रत्यक्ष चाचणी आहे ना?"

"आहेच मुळी."

"मग चाचणी घे. आधी घर गार तर हवं!"

तिने खिडक्या लावल्या आणि एसी सोळावर आणला. प्रबोध टी-शर्टमध्ये कुडकुडू लागला. आंटींनी कळवळून त्याच्या खांद्यावर अंघोळीचा टॉवेल टाकला.

"वाजतेय थंडी?"

"भ-भयंकर!"

वल्लरीने एसी बंद केला आणि खिडकी सताड उघडली. बघता बघता टॉवेल गळून पडला आणि प्रबोधच्या कपाळावर घाम आला.

"तापलं घर?"

"तापलं."

"वीज किती लागली?"

"काहीच नाही!" प्रबोधचे डोळे विस्फारले.

"आवाज? देखभाल?"

फोनमधला दादा आता स्क्रीनला नाक लावून बघत होता. मग दादाने खोल आवाजात विचारलं, "प्रबोध, हे मॉडेल इकडे मिळेल का रे?"

हीटिंगला पैकीच्या पैकी गुण पडले. दुसरं गिऱ्हाईक लिफ्टमधून बाहेर आलं तेव्हा वल्लरी आंटींना विचारत होती, "आंटी, हातोडी आहे?"

आता मराठी मंडळींच्या ग्रुपवर प्रबोधचा शब्द प्रमाण मानला जातो. रात्री एसी सोळावर ठेवायचा, सोलापुरी चादरीत मुटकुळं करून झोपायचं आणि पहाटे 'हीटिंग लावायला' एसी बंद करायचा, अशी शिस्त वुडलँड्सपासून जुरोंग ईस्टपर्यंत सगळ्या बेटावर पसरली आहे.

तुम्हाला हसू येतंय? खुशाल हसा. फक्त आधी तुमच्या एसीखाली, पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेली ती जाड चादर कपाटात टाकून या.