ताईंसाठी पट्ट्यांची गाडी

ताईंना मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "तुम्ही फक्त या. झाडापर्यंत न्यायची जबाबदारी माझी!"

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको गेली तेव्हा त्या स्वतःच अंथरुणात होत्या, येऊ शकल्या नाहीत. बहिणीने लावलेलं डाळिंब एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. झाड घरामागच्या चढावर, वाट चिखलाची, आणि ताईंचे गुडघे संपावर. चाकं रुततात, म्हणून मी रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी बनवली. भंगारातले रबरी पट्टे, दोन मोटारी, एक बॅटरी आणि वर जेवणाच्या टेबलाची खुर्ची.

गाडीला स्टिअरिंग नाही, दोन दांडे. डावा डाव्या पट्ट्याचा, उजवा उजव्याचा. ढकलला की पट्टा पुढे, ओढला की मागे, मध्ये ठेवला की थांबला. डावीकडे वळायचं तर डावा थांबवायचा. पहिल्या दिवशी दोन्ही ढकलले, तर गाडी जागीच भोवऱ्यासारखी फिरली. मोटारी समोरासमोर तोंड करून बसवल्या होत्या, त्यामुळे एक पुढे ओढत होती, दुसरी मागे. आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष असंच गेलं होतं. इथे निदान एकीच्या तारा उलट्या करून भागलं.

ताईंना धरायला मी बाजूने चालणार, म्हणून चालवायला शेजारच्या निवृत्त बसड्रायव्हरला बोलावलं. बिनस्टिअरिंगची ती गाडीच नव्हे, असं त्याचं मत होतं. तरी ताई येऊन खुर्चीत बसल्यावर त्यांच्या पुढ्यात खोक्यावर बसला ऐटीत.

अर्धा चढ झकास गेला. मग कुत्रं आडवं आलं. ड्रायव्हरने सवयीने पाय दाबला. तिथे ब्रेक नव्हताच! मग त्याने हँडब्रेक समजून हाताला लागलं ते मागे ओढलं, म्हणजे दोन्ही दांडे. गाडी उलटी सुटली. ती जितकी पळे, तितका हा जीव खाऊन ओढे. माझ्या हातून ताई खुर्चीसकट निसटल्या. गाडी वाळत घातलेले कपडे गोळा करत स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकली, तेव्हा ताईंच्या डोक्यावर माझा पायजमा होता.

त्यांनी तो काढला, शांतपणे घडी घातली. "हल्ली तुम्हीच धुता वाटतं. दिसतंय."

मग म्हणाल्या, उतरवा मला, चालत जाते. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं. चार पावलं टाकून थांबत, आम्हाला शिव्या देत त्या वर पोचल्या. खोडावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. पाणी कोण घालतं, विचारलं. मी म्हणालो, मीच.

"रोज?"

"रोज."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, उतरायला गाडी आणू का?"

ताई झाडाखालच्या दगडावर बसल्या. "नको. माझं अंथरूण इथेच आणा."