कपाच्या बुडाशी

ठवकरकाकांना भरलेला कप द्यायचा नाही, हा आमच्या मजल्यावरचा नियम आहे. दिलाच, तर ते तो डोक्यावर धरतात आणि मान मागे टाकून त्याचं बूड वाचतात. चहा कुठे सांडेल याची काळजी बाकीच्यांनी करायची.

"तोंड कोनीबी रंगवते वं वैशाली," ते मला समजावतात. "बूड पाहा बूड! कंपनी बुडाशी असते."

काका आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. त्यांच्या काचेच्या कपाटात जपानी चिनीमातीचे पाच कप आहेत, इतके पातळ की आत किती चहा उरला ते बाहेरून दिसावं. सुमनकाकूंना ते त्यांच्या आईकडून मिळाले. मुळात सहा होते. एकदा शेजारी हळदीकुंकवाला दिले, तेव्हा पाचच परत आले. "याचा जोड मी आनून देतो," असा काकांनी काकूंना शब्द दिला. काकू गेल्या, जोड तसाच राहिला. कंपनी कळल्याशिवाय जोड मिळायचा नाही, म्हणून काका नागपूरभर लोकांच्या घरचे कप उलटे करत फिरतात.

माझ्या नणंदेला पाहायला मंडळी आली होती, तेव्हाही काका नेमके टपकले. मुलाच्या वडिलांच्या हातात आमच्या सासूबाईंचा ठेवणीतला कप होता. काकांनी तो अलगद काढून घेतला, चहा त्यांच्याच बशीत ओतला आणि कप उलटा केला. मुलाचे वडील बशीकडे बघत बसले. आमच्या सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता.

"हे तं खुर्ज्याचं हाये, जपानचं नाई," काका निराश होऊन म्हणाले आणि कप परत त्यांच्या हातात दिला. लग्न जमलं, पण त्यात काकांचा काही हात नाही.

"अहो, तुमच्याच कपाचं बूड बघा ना एकदा!" मी कितीदा तरी म्हटलं असेल. त्यावर काका, "त्याच्यावरचं दिसत नाई," एवढंच पुटपुटायचे आणि कपाटाला कुलूप आहे ना ते चाचपून बघायचे. त्या कपांना त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

परवा त्यांची मुलगी प्रीती पुण्याहून आली. काका भाजीला गेल्यावर तिनं मला हाक मारली. गेले तर कपाट उघडं, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर पाचही कप पालथे घातलेले. प्रत्येकाच्या बुडावर लाल नेलपॉलिशनं ठसठशीत लिहिलेलं होतं, 'सुमन'.

मी कपाळावर हात मारला. स्टीलच्या भांड्यावर दुकानदार मशीननं नाव घालून देतो, दिलेलं भांडं आपलंच परत यावं म्हणून. चिनीमातीवर ते चालत नाही. एक कप गेल्यावर काकूंनी उरलेल्यांवर स्वतःच नावं घातली, आणि ती नेमकी कंपनीच्या शिक्क्यावर.

"पुण्यात एक जन जुने कप ओळखते, ताई. त्याले शिक्क्याचा फोटो पाहिजे," प्रीती म्हणाली. तिच्या हातात रिमूव्हरची बाटली होती. "बाबा पुसूच देत नाई. मी त्याइले जोड आनून चकित करतो."

"पण खालचा शिक्काही गेला तर?"

"म्हनून तं हळूहळू करून राहिली."

तिनं कापूस टेकवला. 'न' विरघळला आणि कापूस लाल झाला. थांब म्हणावं, तर खाली काहीतरी निळं दिसायला लागलं होतं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

काका आत आले. त्यांच्या हातातली पिशवी पडली, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या फरशीवर पसरल्या. एका झेपेत त्यांनी कप ओढला. ओला कप हातातून सुटला, टेबलाच्या कडेवर वाजला, आणि काकांनी तो कसाबसा पोटाशी दाबून धरला. प्रीती किंचाळली. मी डोळेच मिटून घेतले.

उघडले तेव्हा काका कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते. कप शाबूत होता. बुडाशी 'सुम' उरलं होतं, आणि त्याच्या शेजारी एक निळं पान आणि कंपनीचं अर्धं इंग्रजी नाव.

"बाबा, दिसलं!" प्रीती रडतच म्हणाली. "आता जरासंच पुसलं की पुरं नाव—"

काकांनी त्या पानाकडे बघितलंही नाही. 'न' होता तिथे ते अंगठा ठेवून उभे होते. हा माणूस घरोघर कप का उलटे करतो ते मला तेव्हा कळलं. तसाच एखादा कप दुसऱ्या कोणाकडे सापडला असता, तर आपल्या कपांवरचं नाव पुसावं लागलं नसतं.

"राहू दे," काका म्हणाले.

"मंग जोड कसा भेटन? आईले शब्द देल्ला होता नं तुम्ही?"

"देल्ला होता. भेटनबी जोड." काकांनी अंगठा काढला नाही. "पन त्याच्या बुडाशी सुमन कोन लिहीन वं?"

प्रीतीनं बाटलीचं झाकण लावलं. मी फरशीवरचा सांबार गोळा केला. मग तिनं चहा टाकला आणि त्याच अर्ध्या नावाच्या कपात, काठोकाठ भरून, काकांपुढे ठेवला. त्यांनी तो डोक्यावर धरला नाही. एक तळहात बुडाखाली ठेवून ते सावकाश प्यायले.