नानांची भावकी

किकवीत आमच्या शेजारी राहणारे धोंडूनाना कुणाला नाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "मूळचं कुठलं?" एसटीचा कंडक्टर असो, बँकेतला नवा साहेब असो, कुणाचीही सुटका नाही. मी दात काढायला गेलो तेव्हा नाना सोबतीला आले. मी तोंड उघडून बसलेलो, आणि नाना डॉक्टरांच्या खापरपणजोबांपर्यंत पोचलेले.

"आम्ही पक्के इथलेच," असं मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणालो. नाना हसले. "हितलं कुणीच न्हाई, मास्तर. कुणी दुष्काळात आलं, कुणी भांडून आलं. तुमचं कुळदैवत कंचं?" मी सांगितलं. त्यावरून महिन्याभरात त्यांनी आमचं मूळ गाव हुडकलं आणि कधी न पाहिलेले चार चुलते माझ्या दारात आणून उभे केले. बायको अजून त्यांच्याकडच्या बारशांना हजेरी लावते आहे.

स्वतः नानांना मात्र भावकीच नव्हती. त्यांच्या आडनावाचं गावात एकच घर. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पणजोबा कोकणातून वरंधा घाट चढून एकटेच आले आणि कुळदैवत सोमजाई, एवढंच ठाऊक. लग्नात "भावकीला पुढं बोलवा" अशी हाक आली की नाना उगाच चपला शोधायला लागत. ते मला बघवत नसे.

मग सत्तरी ओलांडलेला हा माणूस महाडची एसटी धरून घाटाखालची गावं पालथी घालू लागला. एका घरी भावकी म्हणून दोन दिवस पाहुणचार झोडला, आणि तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्यात भलताच देव निघाला. नाना ओशाळले खरे, पण निघताना त्या घराची वंशावळ लिहून देऊन आले. अशी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. अखेर एका वाडीत तेच आडनाव आणि तीच सोमजाई सापडली. 'आमच्यातला धाकटा घाट चढून गेला तो आलाच नाही,' हेही तिथल्या म्हाताऱ्या दादांनी सांगितलं.

परवा आमच्याकडे सत्यनारायण होता. नाना दिसेनात, म्हणून बोलवायला गेलो. दाढी वाढलेली, देवापुढं दिवा नाही.

"न्हाई येता यायचं, मास्तर. वाडीतलं दादा गेलं. फोन आला तितनं. त्येंनी सांगितलं, नाना, तुमी घरचं. धा दिस सुतक धरा."

चेहरा दुःखाचाच होता, पण इतक्या मानानं सुतक सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. नाना जमिनीकडं बघत हळूच म्हणाले,

"म्हंजी माझंबी धरत्याल ती."