मंडळीच्या डुकराने काय खाल्लं

रविवारची सकाळची उपासना आटोपून पी थांगछिंगी घरी आली, तेव्हा मंडळीचं डुक्कर मंडळीचा तांदूळ खात होतं.

डुक्करही मंडळीचं आणि तांदूळही मंडळीचा, आणि दोन्ही तिच्याच भरवशावर ठेवलेले. डुक्कर जानेवारीत आलं होतं. नाताळच्या मेजवानीसाठी आमच्या चर्चची मंडळी दर वर्षी एक पिल्लू विकत घेते आणि कुणातरी विश्वासू घरी वाढवायला देते. यंदा ते उपा दारछुंगाच्या घरी दिलं. मंडळीच्या वडीलधाऱ्या पंचांना आम्ही उपा म्हणतो, आणि दारछुंगा म्हणजे तर उपांमधला उपा. शाळेत मास्तर, आवाज खणखणीत, प्रार्थनेला उभा राहिला की भात थंड होईपर्यंत बसायचा नाही. थांगछिंगी त्याची बायको; बायकांना आम्ही मानाने पी म्हणतो.

तांदूळ आला तो ईस्टरनंतर. आमच्याकडे बाई भाताला तांदूळ घेते तेव्हा त्यातली एक मूठ आधी प्रभूची म्हणून वेगळ्या डब्यात टाकते. शनिवारी बायका घरोघरी फिरून तो गोळा करतात. बराचसा विकला जातो, थोडा एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना जातो. तोवर तो सांभाळायचा मान एका बाईकडे असतो. आधी तो लियानपारीकडे होता. तिच्या घरी तांदळाला उंदीर लागले. बायकांच्या सभेत थांगछिंगी उभी राहून म्हणाली होती, "उंदीर काय पत्ता विचारत येतो? घरातलं जागच्या जागी असलं की कुठला आलाय उंदीर." लियानपारी समोरच बसली होती. सभा संपली तेव्हा मान थांगछिंगीकडे आला होता.

आणि आता डुक्कर. पावसाने खालच्या खुराड्याची फळी कुजली होती. सगळं वेंग, म्हणजे आमची वस्ती, उपासनेला गेलेलं, बाहेर चिटपाखरू नाही. डुक्कर मागच्या जिन्याने आरामात वर आलं, स्वयंपाकघरामागच्या खोलीत शिरलं, पिंप आडवं केलं आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत जेवलं.

थांगछिंगीने त्याला झाडूने हाकलत खाली नेलं. फळी ठोकायला हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. शब्बाथचा दिवस. आमच्याकडे रविवारी सुईत दोरासुद्धा ओवत नाहीत. हातोडीचा एक ठोका पडला असता तरी समोरच्या डोंगरापर्यंत ऐकू गेला असता, आणि उपाच्या घरात रविवारी सुतारकाम म्हणून महिनाभर चर्चा झाली असती. तिने फळी आपल्या शालीने बांधली, वर चार गाठी मारल्या आणि दुपारच्या उपासनेला गेली.

परत आली तर डुकराने उरलेला तांदूळही संपवला होता. शालीचा अर्धा भागही.

दारछुंगा पंचांच्या बैठकीला थांबला होता हे नशीब. तो येईपर्यंत तिने जमीन पुसली, पिंप उभं केलं, त्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर बायबल ठेवलं. मग तिला त्या बायबलचीच लाज वाटली, म्हणून ते उचलून भोपळा ठेवला.

सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सांगायचं म्हणजे लियानपारीसमोर सांगायचं. उंदरावरून जिला चारचौघींत बोलले, तिला काय तोंडाने सांगणार की माझ्याकडे डुक्कर होतं? थांगछिंगीने ठरवलं, कुणाला कळायच्या आत पिंप भरून टाकायचं.

सोमवारी तिने आधी फळी ठोकली, मग बाजारातून पोतं आणलं आणि पिंपात ओतलं. ओतल्यावर तिने मूठभर हातात घेऊन पाहिला. तांदूळ पांढराशुभ्र, एकसारखा. मुठीचा तांदूळ असा असतोच कुठे? त्यात शंभर घरं असतात. कुणाचा डोंगरउताराचा लाल, कुणाचा जाडा, कुणाचा कणी, कुणाचा जुना, वासाचा. शिजवला की अर्धा लगदा आणि अर्धा कच्चा. आंधळ्या माणसालासुद्धा हाताला लागून कळावा असा तो तांदूळ, आणि शनिवारी बायका पिंप उघडणार.

मग ती वाडगा घेऊन निघाली.

"पी, वाडगाभर तांदूळ देता? आमचं पोतं यायचंय अजून."

"घ्या की. एवढासाच?"

"एवढा पुरे." वाडगा घेऊन ती पुढच्या घरी. जिथे लाल तांदूळ होता तिथे तिने लालच मागितला, जिथे कणी होती तिथे कणी मागितली. "आमच्या ह्यांना कणीच आवडते," असंही म्हणाली. ज्यांच्या घरी जन्मात कधी काही मागायला गेली नव्हती त्यांच्याही दारात उभी राहिली. प्रत्येक दारातून उतरताना कान तापायचे. पण शनिवारपर्यंत पिंप ठीक मिसळलं, आणि बायकांनी उघडून पाहिलं तेव्हा कुणाला शंका आली नाही.

शंका आली ती दुसरीच. नळावर पाण्याला उभ्या राहिलेल्या दोघी बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्याकडेही आली होती?" तिसरी म्हणाली, "माझ्याकडून तर कणी मागून नेली. कणी. उपाच्या घरात." मग तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कळशा उचलल्या. संध्याकाळपर्यंत वेंगला कळलं की दारछुंगाच्या घरी चूल पेटायची मारामार आहे. मुलगा मापुइया शिलाँगला शिकतो, त्याच्यापायी बुडाले असणार. कुणी म्हणे मास्तरकीच गेली, बिचारा रोज सकाळी नुसताच छत्री घेऊन निघतो.

आमच्याकडे गरजवंताला विचारून लाजवत नाहीत. न बोलता करतात. उपाच्या मागच्या जिन्यावर भोपळे यायला लागले. मग आंबवलेलं सोयाबीन, सुकी मासळी, मोहरीच्या पाल्याच्या जुड्या.

"पाहिलंस, मापुइयाची आई," दारछुंगा मासळी हुंगत म्हणाला, "गेल्या रविवारचं माझं प्रवचन लोकांना फार लागलेलं दिसतंय."

"हं," थांगछिंगी म्हणाली. तिने आपल्या पानातला पाला त्याच्या पानात सारला.

पावसाळा सरल्यावर पंचांची बैठक भरली. रात्री दारछुंगा घरी आला तो भरल्या डोळ्यांनी.

"आज बैठकीत उपा कापछुंगा म्हणाले, आपल्या वेंगमधलं एक घर अडचणीत आहे. नाव सांगायला तयार नाहीत. मी उठलो. म्हटलं, नाव कशाला हवं? ज्याच्या घरात अन्न नाही त्याला तोंडाने मागायला लावणार का तुम्ही? महिन्याच्या मुठीतला वाटा आधी त्या घरी जाऊ दे. बाकीचे थांबतील."

"मग?" थांगछिंगीने विचारलं.

"मग काय, सगळे खाली बघायला लागले. कापछुंगांनी चष्मा पुसला. म्हणाले, उपा दारछुंगा, तुम्ही हे बोलावं म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, यात कसली कमाल? कुणीतरी बोलायला हवंच ना."

थांगछिंगी भांडी घासायला गेली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली.

शनिवारी लियानपारी आणि आणखी दोघी तांदूळ न्यायला आल्या. "एका घरी द्यायचाय, पी," लियानपारी नजर न देता म्हणाली. थांगछिंगीने स्वतःच्या हाताने पोतं भरलं, नेहमीची तिची उलटी गाठ मारली आणि दिलं. तिघींनी ते पाठीवर घेऊन चढाने चर्चपर्यंत नेलं. संध्याकाळी नवरा-बायको प्रार्थनेहून परत आले, तर तेच पोतं, तीच गाठ, मागच्या जिन्यावर.

दारछुंगाने पोत्याकडे पाहिलं. "हे आपल्याकडे कसं?"

"चुकून ठेवलं असेल," थांगछिंगी म्हणाली आणि पोतं ओढत आत नेलं. पिंपात परत ओतलं. लोकांकडून मागून आणलेला तांदूळ मंडळीला दिला, मंडळीने तो दान म्हणून तिला दिला, आणि तिने तो पुन्हा मंडळीच्या पिंपात टाकला. खाली खुराड्यात डुक्कर समाधानाने घोरत होतं. ते आता हलतही नव्हतं इतकं माजलं होतं, आणि उपासनेहून परतताना लोक मुद्दाम वाकून बघत आणि म्हणत, "घरात दाणा नसून मुक्या जिवाला कसं सांभाळलंय बघा."

हेही तिने गिळलं असतं. पण सोमवारी सकाळी पी दोथांगी आली.

दोथांगीला मागेपुढे कुणी नाही. दात नाहीत, गुडघे नाहीत, आणि महिन्याच्या मुठीतला एक वाटा तिचा. ती चढ चढून, मध्ये दोनदा बसून आली होती. तिने शालीच्या पदरातून पुडकं काढून चुलीजवळ ठेवलं.

"या महिन्यात मला तांदूळ आला नाही," ती म्हणाली. "म्हटलं बरं झालं, माझ्यापेक्षा गरज असलेलं घर असणार. मग कळलं कुठलं ते. हा मागचा राहिलेला थोडा आहे. माझं काय, एक पोट. पेजेवर भागतं."

थांगछिंगीने पुडकं उघडलं. लाल, पांढरा, जाडा, कणी. त्यातही म्हातारीने प्रभूची मूठ वेगळी बांधून ठेवली होती.

"पी," थांगछिंगी म्हणाली आणि खाली बसली. "आमच्या घरात भरपूर तांदूळ आहे. मंडळीचा तांदूळ डुकराने खाल्ला. दोनदा. दुसऱ्यांदा खाल्ला तो माझ्यामुळे, मी हातोडी मारली नाही म्हणून. मग मी लपवलं."

दोथांगीने हात पुढे केला. "मग माझं पुडकं दे परत," ती म्हणाली. "भूक लागली आहे मला."

थांगछिंगीने तिला भात वाढला, स्वतः तांदूळ उचलून तिच्या घरापर्यंत गेली, आणि शनिवारी बायकांच्या सभेत उभी राहिली. सगळं सांगितलं, कणीसकट. सभेत कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी लियानपारीच बोलली, आणि तिने ते अगदी मनापासून म्हटलं. "जाऊ द्या, पी. उंदराचं काय, मांजर ठेवता येतं. डुकराला काय ठेवणार?"

थांगछिंगीला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने नवऱ्यालाही सांगितलं. दारछुंगा ऐकत राहिला. "म्हणजे ते घर," त्याने विचारलं, "आपलंच?"

"आपलंच."

"आणि मी उभा राहून..."

"हो."

पुढच्या रविवारी त्याचं प्रवचन होतं. त्याने कापछुंगांकडे निरोप पाठवला की घसा बसलाय, मी दाराशी उभा राहून लोकांना बसायला जागा दाखवतो. नाताळपर्यंत त्याचा घसा बसलेलाच होता. वेंगमधली सगळी उधारी, वाडग्यामागे वाडगा, दोघांनी मिळून फेडली. भोपळे मात्र कुणी परत घेतले नाहीत.

नाताळला डुक्कर कापलं. असं डुक्कर आमच्या मंडळीने पाहिलं नव्हतं. बोटभर चरबी. चर्चच्या अंगणात केळीच्या पानांवर पंगती बसल्या, ढोल वाजला, आणि थांगछिंगी पदर खोचून मागे भांडी घासत बसली. समोर येऊन वाढायचं धैर्य तिला झालं नाही. दारछुंगा पाण्याच्या बादल्या वाहत होता.

"वाढायला कोण आहे?" दोथांगी ओरडली. "थांगछिंगीला बोलवा."

ती आली. हात राखेने भरलेले, मान खाली. दोथांगी बिनदाती तोंडात चरबीचा तुकडा घोळवत होती. घोळवून गिळला, बोटं चाटली.

"लग्न झाल्यापासून मूठ टाकत आले मी," ती म्हणाली. "प्रभूकडे गेलेली मूठ परत आलेली यंदा पहिल्यांदा पाहिली. आणि आली ती चरबी लावून."

आधी लियानपारी हसली. मग सगळी पंगत हसली, कापछुंगांना चष्मा काढावा लागला. थांगछिंगी हसली नाही, पण तिने मान वर केली आणि म्हातारीच्या पानावर आणखी एक तुकडा वाढला.

जानेवारीत पिल्लू कुणाकडे द्यायचं यावर बैठक भरली तेव्हा सगळ्यांनी दारछुंगाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. "मांस चांगलं झालं होतं," कापछुंगा म्हणाले. "तांदूळ आणि डुक्कर, दोन्ही तिथेच राहू दे." दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भल्या पहाटे लियानपारी आणि तिचा नवरा दोन जाड फळ्या आणि हातोडी घेऊन उपाच्या मागच्या जिन्याशी हजर झाले, आणि ठोकण्याचा आवाज समोरच्या डोंगरापर्यंत गेला.