पोचलं का पडलं?

पत्र पाठवून त्याच्या मागोमाग स्वतः चालत येणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहतो. सकाळी साडेआठच्या सुमारास माझा मोबाइल वाजतो किंवा वाजत नाही, आणि त्यानंतर चार मिनिटांनी आमच्या फाटकाची कडी वाजते. कडी मात्र नक्की वाजते. फाटकात दिगंबर बऱ्हाटे उभे असतात. पायात रबरी चप्पल, खिशात लाल पाठीची डायरी, कानावर पेन्सिल. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सरोदेभाऊ, पोचलं का पडलं?"

पोचलं म्हणजे त्यांचं ईमेल माझ्या इनबॉक्समध्ये आलं. पडलं म्हणजे स्पॅममध्ये गेलं. लॉटरी लागल्याच्या खबरा, टक्कल घालवायची तेलं आणि परदेशी विधवांनी मागे ठेवलेल्या इस्टेटी जिथे जाऊन पडतात, त्या उकिरड्यात. मी चष्मा शोधतो, मोबाइल उघडतो. बऱ्हाटे खांद्यावरून डोकावत असतात. पत्र पडलेलं असलं तर 'स्पॅम नाही' हे बटण ते माझ्याच बोटाने दाबून घेतात आणि डायरीत फुली मारतात. मग मी पत्र वाचायचं. पत्रात असतं, 'आज नळाला पाणी सव्वासातला आले. दाब बरा होता.' हे मला आधीच माहीत असतं, कारण आमचा आणि त्यांचा नळ एकाच लाइनवर आहे.

आम्ही दोघं एकाच पेपर मिलमधून रिटायर झालो आणि इथे आमच्या गावच्या लालबागमध्ये, मुंबईतल्या नव्हे, भिंतीला भिंत लावून घरं बांधली. मी टाइम ऑफिसात हजेरी लावायला होतो, ते क्वालिटीच्या लॅबमध्ये. कागदाचा रीळ तयार झाला की त्याचा तुकडा त्यांच्या टेबलावर जायचा. ते तो उजेडात धरायचे, आडवा फाडायचे, उभा फाडायचे आणि एकच शब्द बोलायचे, "रीजेक्ट." एका शिफ्टची मेहनत परत लगद्यात. मशीनवरचे लोक त्यांना पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीच्या बारशाच्या पत्रिकासुद्धा त्यांनी कागद जाडीला कमी भरला म्हणून छापखान्यात परत केल्या होत्या आणि बारसं विनापत्रिकेचं उरकलं होतं. तर अशा माणसाचं पत्र आता रोज कुठलंसं यंत्र हातात घेतं, उजेडात धरतं आणि रीजेक्ट म्हणतं, याचा मला सुरुवातीला भारी आनंद झाला. तो मी लपवलाही नाही.

त्यांचंही आधी तुमच्याआमच्यासारखं फुकटातलं खातं होतं. एकदा पासवर्ड विसरले. तुम्ही माणूसच आहात ना हे तपासायला कंपनीने नऊ चौकटींचं चित्र दाखवलं आणि ज्या चौकटींत सिग्नल आहे त्या निवडायला सांगितलं. बऱ्हाट्यांनी दिवे असलेल्या दोन चौकटी निवडल्या. यंत्राला खांबाची चौकटही हवी होती.

"खांब म्हणजे सिग्नल नाही होत. खांब खांब आहे."

मी म्हटलं, दाबा ना एकदा, काय जातं तुमचं.

"मतलब, मी गलत जवाब देऊ? मशीनला खूश करायला?"

सात वेळा आपलं बरोबर उत्तर देऊन त्यांनी स्वतःचं खातं बंद पाडून घेतलं. तक्रार ऐकायला तिकडे कुणी माणूसच नाही, याचा त्यांना सर्वांत जास्त राग आला. "मिलमध्ये झाडूवाला पण मॅनेजरसमोर उभा राहून बोलू शकत होता," असं म्हणाले आणि स्वतःचं पोस्ट ऑफिस काढायच्या तयारीला लागले. म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, मुंबईत कुठेतरी भाड्याने घेतलेली मशीन आणि तिच्यावर स्वतः बसवलेला ईमेलचा कारभार. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी बंगळुरूला कंप्युटरच्याच कंपनीत आहे. ती म्हणाली, बाबा, हे आजकाल कुणी करत नाही, फार कटकट असते. ते ऐकल्यावर तर माघार घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

पहिलं पत्र त्यांनी पल्लवीला लिहिलं. ते पडलं. तेव्हापासून त्या घरात एकच ध्यास: बापाचं पत्र लेकीच्या इनबॉक्समध्ये सरळ गेलं पाहिजे.

फोन करा की, असं मी शंभरदा सांगितलं असेल. वहिनींना जाऊन पाच वर्षं झाली, घरात बोलायला दुसरं कुणी नाही. पण त्यावरही त्यांचं म्हणणं तयार. "फोनवर ती घाईत राहते. गोळ्या घेतल्या का, जेवले का, ठेवते. पत्र माणूस निवांत वाचतो." निवांत वाचण्यासारखं त्यात काय असतं, नळाचा दाब, हे मी विचारलं नाही.

आता यातली थोडी विद्या मलाही आली आहे, इच्छा नसताना. मोठ्या कंपन्यांच्या दारात तुमच्या पत्राला तीन दाखले दाखवावे लागतात. एक, या घरातून टपाल टाकायचा हक्क कुणाला आहे त्याचा. दुसरा, पत्रावरची मोहोर खरी असल्याचा. तिसरा, हे दोन जुळले नाहीत तर पत्राचं काय करायचं त्याचा. बऱ्हाट्यांनी तिन्ही दाखले मिळवले, तरी पत्र पडायचं राहिना. मग कळलं, की भाड्याच्या मशीनच्या नंबरावरून आधीचा भाडेकरू ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती पाठवत होता. भाडेकरू गेला, बदनामी मागे राहिली. "म्हणजे खोली मी घेतली आणि पोलीस त्याला शोधत माझ्याकडे येऊन राहिले," बऱ्हाटे म्हणाले. मिलभर ज्यांच्या कडकपणाचा धाक होता, ते गृहस्थ ताकदीच्या गोळ्यांवरून बदनाम झाले, ही बातमी मी त्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगितली.

नाव सुधारायला उपाय एकच. रोज थोडी थोडी पत्रं पाठवायची, लोकांनी ती उघडायची आणि उत्तरं द्यायची. त्यासाठी त्यांनी बारा माणसं धरली. मी, माझी बायको कुसुम, चक्कीवाला, दवाखान्यातला कंपाउंडर वगैरे. उत्तर किमान दोन वाक्यांचं हवं. 'ओके' लिहिलं तर परत दारात हजर. "ओके तर मशीन पण लिहिते." त्यांचा आतेभाऊ जसोंडीला केळी लावतो. तो कुठल्याही पत्राला 'फोन लाव' एवढंच उत्तर द्यायचा. बऱ्हाटे स्कूटर काढून जसोंडीला गेले, केळीच्या बागेत त्याच्या डोक्याशी उभे राहिले आणि दुसरं वाक्य लिहून घेऊनच परतले. ते वाक्य होतं, 'लवकर लाव.'

काही शब्दांमुळे पत्र पडतं असं त्यांनी कुठेसं वाचलं. मोफत, बक्षीस, अभिनंदन, तातडीचे. ते शब्द आधी पत्रांतून गेले आणि मग तोंडातूनही गेले. माझा पुतण्या परीक्षेत पहिला आला तेव्हा पेढा तोंडात टाकून ते त्याला म्हणाले, "नोंद घेतली." मागल्या गल्लीतले एक मास्तर वारले तेव्हा यांनी सांत्वनाचं पत्र ईमेलने धाडलं, आणि तेराव्याला पानं मांडलेली असताना मास्तरांच्या मुलाला विचारलं, "पोचलं का पडलं?" बिचाऱ्याने वरणाची बादली खाली ठेवून मोबाइल उघडला. पडलं होतं. वर बऱ्हाट्यांनी त्याला ते उकिरड्यातून काढायलाही लावलं.

रविवारचा दिवस पल्लवीचा. अकराला तिचा फोन येई आणि दुरुस्ती सुरू होई. आमची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. बऱ्हाटे स्क्रीनवरचं एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचत, मग पलीकडून काहीतरी बोलणी बसत, मग हे म्हणत, "अगं पण तूच मागच्या हप्त्यात बोलली ना असं कर." तास, सव्वा तास. पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा हा आवाज ऐकत मी पेपर वाचायचो आणि कुसुमला म्हणायचो, शिक्षा चालू आहे.

मग दिवाळीनंतर पत्रं पोचायला लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार, सरळ इनबॉक्समध्ये. फुल्या बंद झाल्या. मी मनातून थोडा नाराजच झालो. पण एक गंमत होती. आठवडाभर पोचणारं पत्र रविवारी हटकून पडायचं, आणि सोमवारी परत पोचायचं. मी म्हटलं, तुमच्या मशीनला वीकली ऑफ असेल. त्यांनी डायरी मिटली आणि काही न बोलता निघून गेले. हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. एरवी त्यांनी मला अर्धा तास समजावलं असतं.

एका शनिवारी दुपारी कुसुमने मावा जिलबीचा पुडा त्यांच्याकडे द्यायला सांगितला. दार नुसतं लोटलेलं होतं. बऱ्हाटे पाठमोरे, कंप्युटरसमोर. मी मागे जाऊन उभा राहिलो तरी पत्ता नाही. समोरचं पान मी ओळखलं. तीन दाखल्यांचं पान. दुसऱ्या दाखल्यातली लांबलचक मोहोर त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने अक्षर अक्षर पुढे सरकत तपासली, मधलं एक अक्षर निवडलं आणि खोडलं. चुकून नाही. निवडून. मग डायरी उघडून त्याची नोंद केली.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो.

त्यांनी खांद्यावरचा पंचा आधी स्क्रीनवर टाकला. कपडे बदलताना कुणी आत यावं तसे ओशाळले. मी डायरी उचलली. गेल्या कित्येक शनिवारांच्या नोंदी होत्या. 'एक टिंब काढले, वीस मिनिटे.' 'जुनी मोहोर लावली, पन्नास मिनिटे.' 'मशीनचे घड्याळ मागे केले, एक तास दहा मिनिटे.' या शेवटच्या नोंदीपुढे लॅबमधल्या सवयीने शेरा होता, 'ए ग्रेड.'

"पोचून राहिलं, सरोदेभाऊ," ते म्हणाले. "दिवाळीपासून पोचून राहिलं. पल्लवीचं पण."

"मग?"

"पोचलं त्या रविवारी तिचा फोन आला. बोलली, बाबा, आलं हां तुमचं, छान. गोळ्या घेतल्या का. ठेवते." जिलबीचा तुकडा मोडून त्यांनी हातातच ठेवला. "पडत होतं तेव्हा चिडायची माझ्यावर. तिची आई चिडायची, अगदी तशी. चिडताना ती घाईत नाही राहत."

मी बसलो. काही सुचेना, म्हणून रागावलो. मग आम्ही बारा माणसं रोज दोन दोन वाक्यं कशाला लिहीत बसलो, असं विचारलं.

"ते चालू ठेवा," बऱ्हाटे म्हणाले. "ते मला लागतं." आणि मग एकदम लॅबमधल्या आवाजात, "तकलीफ वेगळी आहे. सोपी चूक तिला पटकन सापडते. मोठी केली तर सगळंच बंद होऊन जाईल. बीचवाली पाहिजे. ती आता सुचून नाही राहिली."

दोन वर्षं ज्यांच्या मागे मी गावभर हसलो त्यांच्यासमोर बसून मला स्वतःची लाज वाटली. जिलबी तिथेच ठेवून मी घरी आलो आणि कुसुमलासुद्धा काही बोललो नाही.

पुढच्या बुधवारी पल्लवीचा फोन मला आला. वहिनींच्या आजारपणापासून माझा नंबर तिच्याकडे आहे.

"काका, एक विचारू? खरं सांगा. बाबांचं मेल तुम्हाला नीट येतं ना?"

टाइम ऑफिसात तीस वर्षं काढली, पण त्या दिवसापर्यंत मी कुणाची एक खोटी हजेरी लावली नव्हती. साहेबांच्या मेहुण्याचीही नाही. मी म्हणालो, "कुठे नीट येतं बेटा. आज पण पडलं."

मग ती म्हणाली, "थँक्यू काका." आणि आवाज हळू करून, "एक काम कराल? तुमचं म्हणूनच सांगा, माझं नाव नको. घड्याळाची चूक त्यांनी परत करू नये. ती मला पाठ झालीय. शोधत बसल्याचं नाटक करावं लागतं, आणि मला नाटक येत नाही. त्यांना कळेल."

"तुला माहीत आहे?"

"पहिल्या शनिवारपासून. कुणी कधी काय खोडलं ते मशीनमध्ये लिहिलेलं राहतं ना, काका." मग म्हणाली, "आई गेल्यावर बाबांशी काय बोलायचं ते मला सुचायचंच नाही. हे असलं म्हणजे बोलता येतं."

मी फोन ठेवला. आमचा सतीश नागपूरला असतो. चांगला मुलगा आहे. दर रविवारी न चुकता फोन करतो, तब्येत विचारतो, दोन मिनिटांत ठेवतो. मला बऱ्हाट्यांचा हेवा वाटला. उठून मी घरभर एक चक्कर मारली. टीव्ही चालू होता. मोटर पाणी चढवत होती. मोबाइलवर सगळ्यांचं सगळं वेळेवर येत होतं. बिघडलेलं असं मला काहीच सापडलं नाही.