सगळ्यांच्या आधी उठणारा

"गव्हर्नरबाई आल्या की या हॉलमध्ये माझ्याआधी कोणी उठून दाखवावं! मिशी उतरवून देईन!"

हे वाक्य क्लेटन पिकरेल दर शनिवारी म्हणे, आणि दर शनिवारी त्याची बायको लोरेन म्हणे, "आधी सूप संपवा."

हेरन पॉइंट हा नावाला गोल्फ क्लब. खरं तर ते गव्हर्नरबाईंचं शनिवार-रविवारचं माहेर! राजधानीत डोकं उठलं की बाई इथे येत. दिवसभर खेळत. चेंडू भोकापासून दोन हातांवर थांबला की "गेला समजा" म्हणत आणि आजूबाजूचे सगळे "गेलाच की!" म्हणत. संध्याकाळी त्या जेवायला आल्या की अख्ख्या हॉलने उठून टाळ्या वाजवायच्या, असा अलिखित नियम होता. पण बाई येत त्या बाहेरच्या बोळातून, आणि तो बोळ दिसायचा फक्त कोपऱ्यातल्या एका टेबलावरून. क्लेटनने मॅनेजरच्या हातापाया पडून ते टेबल पटकावलं होतं. आता तो उठला की हॉल उठे. गावात त्याची बाथरूमच्या फरशांची दुकानं होती. तिथे तो उठला काय, बसला काय, कोणी ढुंकूनही पाहत नसे!

त्याचा जीव अडकला होता रविवार सकाळच्या खेळात. बाई चौघांत खेळायच्या आणि चौथा गडी शनिवारी जेवताना निवडायच्या. मागच्या शनिवारी त्यांनी क्लेटनकडे बघून मान हलवली होती. (मानेवर माशी बसली होती, असं लोरेनचं मत.) म्हणजे आज आपलाच नंबर!

घोडं अडत होतं एकाच ठिकाणी. थोरला भाऊ ऑरिन.

ऑरिन याच क्लबात गवत कापायचा. खाडीतली मगर वर आली की दोरी घेऊन तिला हुसकवायचं कामही त्याचंच. त्याच्या शर्टावर नुसतं 'ऑरिन' शिवलेलं होतं, आडनाव नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर क्लेटनची अब्रू तगून होती! मैदानात समोरासमोर आले तर क्लेटन परक्यासारखं विचारी, "काय, बरं आहे ना?" आणि ऑरिन टोपीला हात लावून म्हणे, "बरं आहे, साहेब." बाप लवकर गेला, तेव्हा क्लेटनला पोहायला, मासे धरायला आणि मारामारी करायला शिकवलं ते याच ऑरिनने. पण त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही.

महिन्याभरापूर्वी ऑरिनने त्याला मशीनच्या शेडमागे गाठलं होतं.

"छोट्या, माझी नोकरी संपतेय. शेवटच्या दिवशी शेडमध्ये येशील? गडीमाणसं केक आणणार आहेत."

"शेडमध्ये कशाला?" क्लेटन मागेपुढे बघत म्हणाला. "तुझ्यासाठी हॉलमध्येच करतो की काहीतरी! दणक्यात! आता जा बाबा, कोणी बघेल."

आणि बोलला ते विसरूनही गेला. तो शेवटचा दिवस आज होता. दुपारी शेडमध्ये केक कापला गेला तेव्हा क्लेटन संध्याकाळच्या टायला इस्त्री करत होता!

संध्याकाळी हॉल भरला. क्लेटन मान लांब करून बोळात डोकावत होता. तेवढ्यात वेटर खेकड्याचं सूप घेऊन आला, क्लेटनचं कोपर ट्रेला लागलं, आणि उकळतं सूप वाडग्यासकट त्याच्या मांडीवर!

क्लेटन उडालाच! ओरडणार तरी कसा, हॉलमध्ये बडी मंडळी! ओरडायला उघडलेलं तोंड तसंच ताणून धरलं, ते लांबून हसल्यासारखं दिसलं.

"बाई आल्या!" कोणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या. अख्खा हॉल ताडकन उभा! टाळ्यांचा कडकडाट! निवृत्त जज्जसाहेबांनी तर शिट्टीही मारली.

आता काय करावं? खाली बसावं, तर जन्मभर हसं. खरं सांगावं, तर उद्याचा खेळ गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! शेवटी क्लेटननेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोरेन दातओठ खात पुटपुटली, "अहो, बोळात कुत्रंसुद्धा नाहीये!"

आणि बोळातून कोणीतरी आलं. चिखलाचे बूट, हातात टोपी. ऑरिन!

तो आत येताच थबकला. टाळ्या थांबेनात, कारण पहिल्यांदा हात खाली कोण करणार? त्याने हॉलवरून नजर फिरवली. मग त्याला सगळ्यांच्या पुढे उभा राहून टाळ्या वाजवणारा क्लेटन दिसला. क्लेटनच्या डोळ्यांत पाणी होतं. मांडी भाजली होती ना! ऑरिनची हनुवटी थरथरायला लागली.

"छोट्या," तो म्हणाला, "मला वाटलं, तू विसरलास रे!"

टाळ्या विरल्या.

"मंडळी, मी मगरीचं सांगायला आलो होतो. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसलीय, दार उघडू नका. म्हणूनच मी इकडून आलो. पण हे... माझ्या भावाने एवढं सगळं..."

"कोणाच्या भावाने?" जज्जीणबाईंनी विचारलं.

"क्लेटनच्या... म्हणजे क्लेटन माझा भाऊ! धाकटा. सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं, पण आता नोकरीच संपली!" ऑरिनने डोळे पुसले. "मोठा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा हो हा! आणि आज बघा!"

सगळ्यांनी बघितलं. क्लेटनच्या पँटकडे.

"कोणाचा सत्कार चाललाय?" दारातून आवाज आला. गव्हर्नरबाई! त्यांच्यासाठी उठायला कोणी बसलेलंच नव्हतं.

"ऑरिनचा, बाई," मॅनेजर घाम पुसत म्हणाला. "आज निवृत्त झाला. पिकरेलसाहेबांनी ठेवलाय. त्यांचा सख्खा भाऊ आहे."

बाई क्लेटनपाशी आल्या. "शाबास! इथे सगळे माझ्यासाठी उठतात. घरच्या माणसासाठी उठणारा पहिलाच बघितला!" त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, आणि हॉलने त्यांच्यामागून. या वेळी क्लेटनसाठी! जन्मभर ज्या टाळ्या हव्या होत्या त्या मिळाल्या, आणि त्याला वाटलं, मघाची मगर आत येऊन आपल्याला गिळेल तर बरं. एवढी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

"ऑरिन, उद्या चौथा गडी तू," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं गवत कापलंस, एकदा तुडव तरी! आणि पिकरेल, तुम्ही भावाची बॅग उचलाल ना?"

"हो, बाई."

गाड्यांपाशी ऑरिनने त्याचा हात धरला. "छोट्या, दुपारी शेडमध्ये तुझी वाट बघितली. आला नाहीस म्हणून मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या मी. माफ कर रे."

क्लेटनने तोंड उघडलं. "ऑरिन, ते मी उठलो ना, ते खरं म्हणजे..."

"बघितलं ना! सगळे म्हणत होते, सगळ्यांच्या आधी तूच उठलास! अंगावर सूप सांडलं तरी भान नाही!"

क्लेटनने लोरेनकडे बघितलं. तिने रुमाल पुढे केला. "पुसा," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

रविवारी सकाळी ऑरिन नवे बूट घालून मैदानात उभा होता. मागे खांद्यावर बॅग घेऊन क्लेटन. मांडीला मलम, त्यामुळे फेंगडा चालत होता. ऑरिनला ते बघवेना. त्याने मागे वळून मायेने विचारलं, "काय, बरं आहे ना?"

क्लेटनचा हात आपोआप टोपीकडे गेला.

"बरं आहे, साहेब."