शांतता पाळा, ग्रंथपाल खोकत आहेत

ग्रंथपालांच्या खोकल्याला चौथा महिना लागला, तेव्हा वाचनालयाच्या तक्रारवहीत वर्षभरानंतर पहिली तक्रार आली : ‘ग्रंथपालांना शांत बसण्यास सांगावे.’

वाचनकक्षात टाचणी पडली तरी मान वर करणाऱ्या या माणसाला ते फार लागलं. कार्यवाह ओशाळून म्हणाले, "सोमवारपर्यंत बघा. नाहीतर तुमची खुर्ची तळघरात हलवू. तिथं नुसती जुनी मासिकं आहेत. ती काही तक्रार करत नाहीत."

छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. पित्ताच्या गोळ्या खाऊन संपल्या, तरी खोकला होताच. पुस्तकांच्या धुळीवर संशय घेऊन ग्रंथपालांनी महिनाभर तोंडाला फडकं बांधलं, तर एका नव्या वाचकाने घाबरून आपली पिशवीच पुढे केली.

शनिवारी बायकोने त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खोकला नेमका कधी येतो?"

"कुणी बडबडलं की."

"मग मी बोलताना बरा येत नाही!" बायको म्हणाली. "डॉक्टर, मी लक्ष ठेवलंय. बडबड नकोशी झाली की हे उजव्या कानात बोट घालतात आणि मग खोकतात."

"मग तुझ्यासमोर का येत नाही?" ग्रंथपालांनी विचारलं.

"माझ्यासमोर कानात बोट घालायची हिंमत आहे का तुमची?"

डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून चिमटा आत नेला. चिमटा टेकला की ग्रंथपाल खोकत. तिसऱ्या खोकल्याला डाळीएवढा, काळपट कापसाचा बोळा बाहेर आला.

"कानातल्या एका नसेचं घशाशी नातं असतं," त्या म्हणाल्या. "कान डिवचला की काहींना खोकला येतो. पण हा कापूस आत गेला कसा?"

ग्रंथपाल चपलांकडे बघू लागले.

"अहो, सांगा की."

"थंडीत वाचक फार खोकत होते," ते पुटपुटले. "सहन होईना, म्हणून घातला. काढताना थोडा राहिला असणार."

बायको घरी पोचेपर्यंत हसत होती. ग्रंथपालांनी कानात बोट घातलं नाही.

सोमवारी खुर्ची जागेवरच होती. दुपारी खिडकीजवळच्या आजोबांना ठसका लागला. सगळ्या माना वर झाल्या. आता चष्म्यावरून ग्रंथपालांचा तो प्रसिद्ध कटाक्ष येणार, म्हणून आजोबांनी घाईघाईने तोंडावर रुमाल दाबला.

ग्रंथपाल उठले, पाय न वाजवता त्यांच्यापाशी गेले आणि खिशातून छोटी बॅटरी काढली.

"घाबरू नका आजोबा," ते कुजबुजले. "जरा कान बघू."